भार कोणावर?

१९७८ साली उत्तर जर्मनीत हुंटॉर्फ इथे एक वेगळंच वीजकेंद्र सुरू झालं. मागणी कमी असताना उरलेल्या विजेवर कॉम्प्रेसर चालवून हवा जमिनीखाली दाबून भरायची आणि मागणी वाढली की तीच हवा नैसर्गिक वायू जाळून तापवून टर्बाइनवर सोडायची. क्षमता २९० मेगावॅट. हवेचं कोठार म्हणजे साडेसहाशे मीटर खाली, मिठाच्या थरात पाण्याने विरघळवून केलेल्या दोन पोकळ्या. मीठ दाबाखाली सावकाश सरकतं आणि बारीक भेगा आपोआप बुजतात. १९९१ मध्ये अमेरिकेत, अलाबामातल्या मॅकिन्टॉशला असंच केंद्र झालं, तेही मिठातच.

पण मीठ सगळ्यांच्या नशिबी नसतं. नॉर्वेच्या पायाखाली कठीण खडक आहे. तिथल्या जलविद्युत प्रकल्पांत १९७३ पासून पाण्याचे धक्के शोषायला खडकातल्या दालनांत दाबलेली हवा ठेवू लागले. या दालनांना अस्तर नव्हतं. ओसा प्रकल्पात हवा भेगांतून गळू लागली. त्यावर एक उपाय म्हणजे दालनाभोवती भोकं पाडून त्यांत हवेपेक्षा जास्त दाबाचं पाणी खेळवायचं. मात्र दाब जितका जास्त, तितकं खोल जावं लागतं.

स्वीडनने दुसरी वाट धरली. ग्रेंगेसबर्गला छोट्या दालनांत चाचण्या झाल्या आणि या शतकाच्या सुरुवातीला हाल्मस्टाडजवळ स्कालेन इथे खडकातलं अस्तर लावलेलं कोठार उभं राहिलं. ते हवेचं नव्हे, नैसर्गिक वायूचं. पण स्थापत्याचा प्रश्न तोच. व्यास सुमारे ३५ मीटर, माथ्यावर ११५ मीटर खडक, आत २०० बार दाब. एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब.

माझी पदवी इंजिनिअरिंगची आणि काम सॉफ्टवेअरचं, तरी हा हिशेब मला पाठकोऱ्या कागदावर करता आला. पोलादाला २००० बार ताण सोसू द्यायचा धरला, तर एकट्या पोलादाने हा दाब पेलायला त्याची जाडी पावणेदोन मीटर हवी. प्रत्यक्षात अस्तर दीडेक सेंटिमीटरचं आहे. म्हणजे पोलाद फक्त वायू अडवतं. भार त्यामागच्या काँक्रीटमधून खडकावर जातो.

आणि खडक तरी कसा पेलतो? ११५ मीटर खडकाच्या वजनाचा दाब भरतो जेमतेम ३० बार. दालनाच्या डोक्यावरचा सरळ खांब वर ढकलणाऱ्या जोराच्या सहाव्या हिश्शाइतकाही जड नाही. म्हणून वर रुंद होत जाणारा, एकमेकांत गुंतलेला खडकाचा मोठा शंकू कामाला लावावा लागतो.

भिंतीचं गणित जुनं आहे. लामेने १८३३ साली जाड नळीचं दाखवलं: आतल्या दाबाचा परिणाम अंतराच्या वर्गाने घटतो; केंद्रापासून त्रिज्येच्या दुप्पट अंतरावर तो पाव उरतो. किर्शने १८९८ मध्ये भोकाभोवती मूळचा दाब कसा एकवटतो ते मांडलं. सगळीकडून सारखा दाब असेल तर गोल भोकाच्या कडेला तो दुप्पट होतो. आडवा दाबही ३० बार धरला, तर भिंतीवर ६० बारची आवळ मिळते आणि आतून २०० बारचा ताण येतो. निल्स हास्ट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात स्वीडनच्या खाणींत मोजमापं केली, तेव्हा आडवा दाब उभ्यापेक्षा बराच जास्त निघाला. त्याने आवळ वाढते. पण काँक्रीट दालन खोदल्यानंतर ओतलेलं. त्यात ही आवळ नसतेच. ते तडकणार.

मग तडे टाळण्याऐवजी ते वाटून दिले. काँक्रीटमध्ये सळ्यांची जाळी घातली, म्हणजे एका रुंद भेगेऐवजी अनेक बारीक भेगा पडतात. पोलाद आणि काँक्रीट यांच्यामध्ये डांबराचा थर दिला, म्हणजे पत्रा भेगेवर अडकून फाटण्याऐवजी थोडा घसरतो. जपानने होक्काइदोतल्या जुन्या कोळसा खाणीत हवेसाठी प्रयोग केला तेव्हा अस्तर रबराचं घेतलं, कारणही तेच: भिंत हलली तर अस्तरानेही हलावं.

हवेच्या कोठारात हीच कसोटी कडक होते. नैसर्गिक वायूचा साठा वर्षातून मोजक्या वेळा भरतो-रिकामा होतो. सौर किंवा पवनऊर्जेला जोडलेलं हवेचं कोठार रोज. तीस वर्षांत ही जवळजवळ अकरा हजार आवर्तनं. शिवाय भरताना हवा तापते, सोडताना गार होते, आणि पत्रा त्याबरोबर प्रसरण-आकुंचन पावू पाहतो. खडक पहिल्या दिवशीच बहुतेक भार घेऊन मोकळा होतो. पत्र्याला मात्र प्रत्येक भेगेच्या काठावर तेच वाकणं हजारो वेळा सोसायचं असतं. भार खडकावर टाकता आला, थकवा टाकता आला नाही. म्हणून आज अशा कोठाराचा हिशेब बघताना मी आधी खडकाची ताकद नाही, पत्र्याची आवर्तनं शोधतो.