बर्फाखालची द्राक्षं

"मिनेसोटात द्राक्षं? अरे, आमच्याकडे पारा पाच अंशांवर आला की बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही!" निफाडहून आलेल्या मामांचा विश्वासच बसेना. शेवटी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्यांना गाडीत बसवलं आणि हेस्टिंग्जच्या अलेक्सिस बेली व्हिनयार्डला नेलं.

डेव्हिड बेली हे मिनिआपोलिसचे वकील. १९७३ साली त्यांनी इथे फ्रेंच संकरित द्राक्षं लावली. हिवाळ्याआधी वेल तारांवरून सोडवायचे, आडवे करून मातीखाली गाडायचे आणि वसंतात उकरून पुन्हा बांधायचे! पहिली वाइन निघाली १९७८ मध्ये. मामा म्हणाले, "आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, हे दोनदा माती उपसतात. मजुरी कशी परवडते?"

या गाडण्यातून सुटका होण्याची वाट दाखवली एल्मर स्वेन्सन यांनी. हे विस्कॉन्सिनमधल्या ऑसिओलाचे दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी. इथल्या नदीकाठची रानद्राक्षं कडाक्याच्या थंडीतही तगतात, पण फळ बारीक आणि भलतंच आंबट. १९४३ पासून स्वेन्सन त्यांच्या वंशाच्या वेलांचा चांगल्या द्राक्षांशी संकर करत राहिले, तेही गाईंचं सगळं सांभाळून. १९६९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने त्यांना फळबागेच्या कामावर घेतलं. पुढे विद्यापीठाने १९९६ मध्ये फ्रॉन्टेनॅक आणि २००६ मध्ये मार्केट ही वाणं आणली. उणे तीस फॅरनहाइटलाही हे वेल उघड्यावर उभे राहतात.

स्वेन्सन यांना हा नाद लागला तो टेक्सासच्या टी. व्ही. मन्सन यांच्या १९०९ सालच्या पुस्तकामुळे. मन्सन टेक्सासच्या रानावनांतून जंगली वेल गोळा करत. त्यांनी निवडलेल्या एका वेलाचं नाव सांगितलं मात्र, मामा जागीच थांबले. डॉगरिज! खारवट जमीन आणि पाण्याची ओढ सोसतो म्हणून महाराष्ट्रात ज्या खुंटावर द्राक्षाची कलमं बांधतात, तोच हा. मामांची अख्खी बाग त्याच्यावर उभी आहे. "आम्ही समजायचो, कुठल्या तरी कंपनीचं नाव असेल," ते म्हणाले.

परतताना मामांनी विचारलं, "त्या स्वेन्सनला यातून किती मिळालं?"

मार्केटचं पेटंट विद्यापीठाने घेतलं. स्वेन्सन मात्र आपल्या वेलांच्या काड्या मागेल त्याला देत असत. २००४ मध्ये ते वारले. हे ऐकून मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला त्यांचं शेत दाखव."