सुरणाच्या पाटावर बटाटा

आषाढी एकादशीच्या फराळाचे ताट एकदा इतिहासाच्या नजरेने पाहावे. साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. खिचडीतले शेंगदाण्याचे कूट तिथलेच, हिरवी मिरचीही अमेरिकेतलीच. रताळ्याच्या गुळातल्या चकत्या, राजगिऱ्याचा लाडू आणि जिऱ्या-तुपाच्या फोडणीची बटाट्याची भाजी यांची मुळे शोधत गेलो, तर आपण पुन्हा अटलांटिकपलीकडेच पोचतो. वरीचे तांदूळ, शिंगाडा, तूप, दही एवढेच काय ते जुने मानकरी. तुकोबांच्या काळातल्या वारकऱ्याने हे ताट ओळखलेही नसते. तरीही या ताटात आज सर्वांत सोवळा कोण मानला जातो, तर बटाटा. हा परदेशी कंद एवढा घरचा कसा झाला, याचे उत्तर मला त्याच्या गुणांपेक्षा आपल्या स्वयंपाकघराच्या सवयीत अधिक दिसते. आपण बटाट्यासाठी सुरुवातीला नवे असे फारसे काही रांधले नाही. सुरण, कच्चे केळे, रताळे यांच्यासाठी मांडून ठेवलेल्या पाटांवर त्याला बसवले, आणि तो तिथून उठलाच नाही.

पण आधी त्याच्या मूळ घरी जाऊन येऊ. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर टिटिकाका सरोवर आहे. त्याच्या आसपासच्या पठारांवर काही हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी रानटी, कडवट, काहीशा विषारी कंदांतून खाण्याजोगे वाण निवडून घेतले. मका जिथे तग धरत नाही अशा उंचीवर हा कंद पिकत होता. त्या लोकांनी बटाटा टिकवण्याची जी युक्ती शोधली, ती आपल्याकडच्या कोणत्याही वाळवणवाल्या गृहिणीला लगेच कळेल. रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे उघड्यावर पसरायचे, ते गोठले की दिवसा उन्हात सैल पडू द्यायचे, मग पायाखाली तुडवून त्यातले पाणी काढायचे आणि पुन्हा वाळवायचे. असे काही दिवस केले की हलका, कोरडा, वर्षानुवर्षे टिकणारा ‘चुन्यो’ तयार होतो. इंका राज्यकर्त्यांच्या कोठारांत तो साठवलेला असे. आपण चैत्रात गच्चीवर बटाट्याचा कीस घालतो, तेव्हा थंडी वगळता त्याच विद्येचा धडा गिरवत असतो.

१५३२ मध्ये स्पॅनिश फौजा इंकांच्या मुलखात शिरल्या. त्यांना सोने-चांदी हवी होती. बटाट्याकडे त्यांनी मजुरांचे अन्न म्हणूनच पाहिले. सिएझा दे लेओन या बखरकाराने १५५३ मध्ये छापलेल्या वृत्तान्तात त्याची नोंद केली. १५८८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसच्या हाती बटाटे आले, आणि १५९७ मध्ये जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतिकोशाच्या आरंभीच्या चित्रात बटाट्याची फुले हातात धरून स्वतःला मिरवून घेतले. तरी युरोपातला सामान्य माणूस दीडशे वर्षे या कंदापासून बिचकूनच राहिला. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला १७५६ मध्ये लागवडीसाठी हुकूम काढावा लागला. सात वर्षांच्या युद्धात प्रशियनांच्या कैदेत बटाट्यावर दिवस काढलेला पार्मांतिये हा फ्रेंच औषधशास्त्रज्ञ पुढे जन्मभर त्याची वकिली करत राहिला. पुढच्या शतकात आयर्लंडमधले गोरगरीब या एकाच पिकावर इतके विसंबले, की १८४५ पासून करपा रोगाने शेते काळी पडली तेव्हा सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने गेली आणि तेवढीच देशोधडीला लागली.

आपल्याकडे तो नेमका कधी उतरला, हे सांगताना जुनी कागदपत्रे चकवतात. अमेरिकेतून पहिल्यांदा जगभर गेले ते रताळे. ‘बटाटा’ हे नावही मुळात त्याचेच, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून ते कोकणी, मराठी आणि गुजरातीत मुरले. जहांगीराच्या दरबारी आलेला इंग्रज वकील टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी याने मोगल सरदार आसफखानाच्या मेजवानीचे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात ‘पोटॅटो’ आहे. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनातही तो शब्द येतो. हा फ्रायर १६७५ मध्ये जुन्नरला जाऊन आलेला माणूस. परंतु त्या काळचे इंग्रज रताळ्यालाही हाच शब्द वापरत. त्यामुळे मोगल दस्तरखानावर बटाटा होता असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. एवढे मात्र खरे, की रताळे पुढे गेले आणि बटाटा त्याने मळलेल्या वाटेने मागून आला. उपवासाला रताळे चालते, मग त्याचा हा फिकट भाऊ का चालू नये, असाच विचार कोणत्या तरी घरात झाला असणार.

आपल्या मुलखात त्याची शेती खऱ्या अर्थाने रुजली ती एकोणिसाव्या शतकात, आणि ती थंड हवेच्या ठाण्यांवरून खाली उतरली. याला कारणही तसेच आहे. जमिनीखाली कंद भरायला बटाट्याला गार रात्री लागतात. रात्रीही उकाडा राहिला, तर पाला माजतो आणि खाली गोट्या धरतात. उत्तरेत मसुरीच्या डोंगरात कॅप्टन यंगने बटाटा लावला. आपल्याकडे १८२९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम आणि साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्यात करार झाला, महाबळेश्वरची जागा इंग्रजांकडे गेली आणि माल्कम पेठ वसली. तिथल्या तुरुंगात पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतून पाठवलेले चिनी कैदी असत. साहेबांच्या टेबलासाठी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवण्यात त्यांचा मोठा हात होता. स्ट्रॉबेरीच्या पाट्या पाहून परतणाऱ्या पर्यटकाला या कैद्यांची आठवण करून देणारे तिथे कुणी नसते, हे मला नेहमी खटकते. पुढे पुण्याजवळ दापोडीची सरकारी बाग आणि जुन्नर तालुक्यातली हिवऱ्याची बाग डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली आली. परदेशी रोपे आणि पिके इथल्या मातीत लावून पाहणे हे या बागांचे कामच होते. शतक सरत आले तोवर खेड आणि जुन्नरचा पट्टा बटाट्याचा मुलूख म्हणून नावारूपाला आलेला होता. आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार आजही पावसाळी बटाट्यासाठी ओळखले जाते, आणि तिथले शेतकरी पंजाबातून मंचरच्या बाजारात आलेले बियाणे नेतात.

आता शेतातून स्वयंपाकघरात येऊ, कारण खरी कथा इथेच घडली. सुरणाचा व्याप मोठा. तो चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात उकळला नाही तर घसा खाजवतो, चिरताना हात खाजतात. कच्चे केळे चिरताच काळे पडते आणि बोटांना चीक लागतो. रताळे गोड, त्यामुळे हिंग-मोहरीशी त्याचे सूत पूर्ण जमत नाही. बटाटा यांतला एकही हट्ट धरत नाही. त्यामुळे केळ्याच्या काचऱ्यांच्या शेजारी बटाट्याच्या काचऱ्या आल्या आणि बघता बघता ‘काचऱ्या’ म्हटले की बटाट्याच्याच, असे झाले. या काचऱ्यांतही घराघराचे कसब दिसते. साल ठेवून पातळ अर्धचंद्र चिरायचे, दोन पाण्यांतून धुऊन वरची खळ काढायची, लोखंडी कढईत जरा सढळ तेलावर मोहरी, हिंग, हळद, मग फोडी. झाकण ठेवायचे ते सुरुवातीलाच, पुढे उघड्यावर परतायचे. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटून काचऱ्यांचा लगदा होतो. कडेच्या दोन-चार करपल्या पाहिजेत, त्याच आधी संपतात.

लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये निघाले. छापील पाकपुस्तकाचा हा मध्यमवर्ग ज्या पिढीत तयार झाला, त्याच पिढीत बटाट्याचे ‘विलायती’पण गळून पडले. कांदा-लसणाला जिथे मज्जाव, त्या नैवेद्याच्या पानातही तो जाऊन बसला; सत्यनारायणाच्या जेवणात पुरीबरोबर उकडलेल्या बटाट्याची पिवळी भाजी नसेल, तर पाहुणे चुकल्यासारखे बघतात. गंमत अशी, की कांदाही जमिनीखालचाच आणि बटाटाही. शास्त्राने ‘कंदमुळे चालतात’ म्हटल्यावर कोणता कंद आत आणि कोणता बाहेर, हे ठरले ते वासावरून आणि चवीवरून. उपवासाच्या भाजीत काही घरी हळद घालत नाहीत, तिखटाला मिरचीच लागते, आणि वर दाण्याचे कूट. कोकण-गोव्याकडे हाच बटाटा खोबऱ्याच्या आणि मिरच्यांच्या वाटणात तांबडा झाला. सारस्वतांचे आंबट-तिखट ‘बटाटा साँग’ ज्याने खाल्ले आहे, त्याला बटाटा बेचव असतो हा आरोप कधी पटत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांनी उकडलेल्या बटाट्याच्या आवरणात खिमा भरून, रव्यात घोळवून चॉप तळले. इकडे जैन स्वयंपाकात बटाट्याला बंदी, म्हणून तिथले वडे कच्च्या केळ्याचे होतात. एके काळी केळ्याची जागा बटाट्याने घेतली. आता केळे बटाट्याचा बदली कामगार म्हणून उभे असते.

विसाव्या शतकाच्या मध्यात एका भांड्याने बटाट्याची गती वाढवली. १९५९ च्या सुमारास भारतीय बनावटीचे प्रेशर कुकर बाजारात आले. चुलीवर पातेल्यात अर्धा-पाऊण तास रटरटणारे बटाटे दोन-तीन शिट्ट्यांत सोलण्याजोगे होऊ लागले आणि ‘उकडलेला बटाटा’ हा रोजच्या धावपळीतला हुकमी आधार बनला: पराठा, रगडा, कटलेट, उडप्याच्या हॉटेलातून घरी आलेली डोशाची भाजी. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप हाती दिले आणि नव्या संसाराला सासू जवळ नसतानाही बटाटेवडा जमू लागला. त्याच्या थोडे आधी, १९६६ मध्ये, दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असे मानले जाते. त्या पदार्थावर एवढे लिहून झाले आहे, की इथे त्याला वाट देऊन पुढे गेलेले बरे. तरी एक गोष्ट नोंदवतो: वड्यातला बटाटा, पाव आणि आतली मिरची, तिन्हींच्या मागे पोर्तुगीजांची गलबते आहेत.

स्वातंत्र्यानंतर या पिकाचे रूपच पालटले. १९४९ मध्ये पाटण्यात केंद्रीय बटाटा संशोधन संस्था स्थापन झाली, १९५६ मध्ये ती शिमल्याला गेली. संस्था स्थापन झाली तेव्हा देशात सुमारे १५ लाख टन बटाटा पिकत होता. आज हा आकडा ५ कोटी टनांच्या पुढे आहे आणि चीननंतर भारताचाच क्रमांक लागतो. १९६८ मधली ‘कुफरी ज्योती’ आणि ‘कुफरी चंद्रमुखी’ ही त्या संस्थेची वाणे भाजीवाल्याकडून आपण नाव न विचारताच वर्षानुवर्षे आणत आलो. पिकाचा मोठा भाग उत्तरेच्या हिवाळ्यात, जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि वर्षभर पुरवायला शीतगृहात जातो. इंकांच्या चुन्योचे काम आता यंत्रे करतात. पण या सोयीची किंमत आपल्या कढईत दिसते. फार थंडीत बटाट्यातला स्टार्च हळूहळू साखरेत बदलतो. मग भाजी गोडसर लागते, काचऱ्या कुरकुरीत होण्याआधीच तांबूस-काळ्या पडतात, आणि आपण भाजीवाल्याला बोल लावतो. वेफर्सच्या कारखान्यांसाठी शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये कमी साखरेचे ‘चिपसोना’ वाण काढले. घरच्या कढईचा विचार मात्र कुणी फारसा केलेला दिसत नाही.

तेव्हा कीस किंवा वेफर्स घालायचे असतील, तर फाल्गुन-चैत्रात नुकता निघालेला बटाटा घ्यावा. काचऱ्यांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात मंचरकडचा नवा माल येतो, तो विचारून आणावा. गोड बटाटे गळ्यात पडलेच, तर ते फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नयेत. टोपलीत, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी, कांद्यांपासून दूर आठ-पंधरा दिवस राहू द्यावेत. गोडी बरीच उतरते. मात्र हिरवट पडलेला भाग खोल कापून टाकावा, आणि बटाटा सगळाच हिरवा असेल तर तो टाकूनच द्यावा.