ऑनलाइन पोकर : छंद, हिशेब आणि कायदा

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारचा कायदा आला आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशाचा ऑनलाइन पोकर बंद केला. खेळ थांबला, पण खेळणाऱ्यांची सवय एका दिवसात थांबत नाही. आता तोच खेळ परदेशी अ‍ॅप, टेलिग्रामवरचे ग्रुप आणि चिप्स विकणारे एजंट यांच्यामार्फत मागच्या दाराने येतो आहे. त्याकडे वळणाऱ्यांचं म्हणणं बहुतेक एकच असतं : ‘मी तर जिंकत होतो, मग का सोडू?’ हे म्हणणं हिशेबाला कितपत टिकतं ते इथे पाहू. त्यासाठी खेळ कसा चालतो, चढ-उतार कुठून येतात, पैसा कुठे जातो आणि कायदा काय म्हणतो, अशा क्रमाने जाऊ.

खेळ थोडक्यात

सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. ५२ पत्त्यांच्या कॅटमधून प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडतात : आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न) आणि शेवटी एक (रिव्हर). या सातांतून सर्वोत्तम पाच पत्ते धरायचे. जोडी, रन, कलर हे तीन पत्ती खेळलेल्याला सांगावं लागत नाही.

प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. पैसे लावायचे, वाढवायचे की पत्ते टाकून द्यायचे (फोल्ड), हे आपण ठरवतो. समोरच्याने फोल्ड केलं तर हलक्या पत्त्यांवरही डाव जिंकता येतो. म्हणून ब्लफ आहे आणि म्हणूनच यात कौशल्य आहे. ते खरंच आहे, त्याबद्दल वाद नको. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या ‘लिब्राटस’ या संगणक प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. निव्वळ नशिबाच्या खेळात असं घडलं नसतं.

चढ-उतार कुठून येतात?

कौशल्य आहे, पण ते दिसायला फार वेळ लागतो. हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. ते आले आणि समोर दोन राजे असले, तरी साधारण पाच-सहा वेळांत एकदा एक्के हरतात. समोर कसेही पत्ते असलेले पाच जण शेवटपर्यंत राहिले, तर एक्क्यांची जोडी जेमतेम निम्म्या वेळा जिंकते. म्हणजे सगळं बरोबर करूनही माणूस हरतो आणि चुकीचं खेळूनही जिंकतो.

आकड्यांत पाहू. समजा ५/१० रुपयांच्या टेबलावर एक चांगला खेळाडू आहे. दर १०० डावांमागे तो सरासरी ५० रुपये कमावतो. हा चांगला वेग समजला जातो. पण १०० डावांतला चढ-उतार सहज ९०० रुपयांच्या घरात असतो. त्यावरून हिशेब असा निघतो :

- १०,००० डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५,००० रुपये, पण चढ-उतार ९,००० रुपयांचा. म्हणजे चांगला असूनही तोट्यात असण्याची शक्यता जवळजवळ २९ टक्के.
- १,००,००० डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास येते.

आता हे डाव व्हायला किती वेळ लागतो? एका ऑनलाइन टेबलावर तासाला साधारण ७० डाव होतात. रोज रात्री दोन तास बसलं तर १०,००० डावांना अडीच महिने लागतात आणि एक लाख डावांना दोन वर्षं. कॅसिनोतल्या खऱ्या टेबलावर तासाला २५-३० डावच होतात, तिथे एक लाख डाव म्हणजे साडेतीन हजार तास.

हेच गणित उलटही चालतं. कच्चा खेळाडूही अडीच महिने फायद्यात राहू शकतो. ‘दिवाळीपासून जिंकतोय’ यावरून त्याला खेळ येतो, हे सिद्ध होत नाही. नुकसान बहुतेक इथूनच सुरू होतं. चढाच्या काळात माणूस ५/१० सोडून २५/५० च्या टेबलावर जातो, आणि उतार येतो तेव्हा तो मोठ्या टेबलावरचा असतो.

टेबलावरचा पैसा कुठे जातो?

पोकरमध्ये आपण अ‍ॅपविरुद्ध खेळत नाही, एकमेकांविरुद्ध खेळतो. अ‍ॅप प्रत्येक मोठ्या डावातून आपला कट घेतं, त्याला रेक म्हणतात. तो बऱ्याच ठिकाणी डावाच्या ५ टक्क्यांच्या आसपास, ठरावीक मर्यादेपर्यंत असतो.

समजा सहा जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. टेबलावर ६,००० रुपये. दर डावाला सरासरी ५ रुपये रेक धरला तर तासाला ३५० रुपये टेबलावरून उठतात. नवा पैसा आला नाही तर सतरा-अठरा तासांत टेबल रिकामं. सहाही जण सारखेच हुशार असले तरी सहाही जण हरतात. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हे असं दुकान आहे, जिथे भाडं रोज उलाढालीवर कापलं जातं आणि गिऱ्हाईक म्हणून आपणच सहा जण. यात टिकायचं तर बाकीच्यांपेक्षा नुसतं सरस असून चालत नाही, रेक भरून निघेल इतकं सरस असावं लागतं.

त्यावर कर. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस (कलम १९४बीबीए नव्हे, १९४बीए) लागू झाला. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी या कमाईवर सरसकट ३० टक्केच. हिशेब आर्थिक वर्षापुरता आणि त्या-त्या कंपनीपुरता. एका अ‍ॅपवर ४०,००० जिंकलात आणि दुसऱ्यावर ४०,००० हरलात, तर तुमच्या खिशाला शून्य पडतं, पण पहिल्या अ‍ॅपने १२,००० कापलेले असतात.

१ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. आधी तो फक्त अ‍ॅपच्या कटावर १८ टक्के होता. १०० रुपये भरले की सुमारे २२ रुपये करात आणि ७८ खेळायला. अनेक कंपन्या हा फरक बोनस देऊन भरून काढत, त्यामुळे खेळणाऱ्याला तो दिसत नसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला. त्यात कॅसिनोही आले.

वॉलेटमधला पैसा आपला असतो का?

ऑनलाइन पोकरची लाट आली ती २००३ मध्ये. अमेरिकेतल्या टेनेसीचा ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. ही गोष्ट प्रत्येक नव्या खेळाडूला सांगितली जाते.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने तीन मोठ्या पोकर साइटवर कारवाई केली. त्यातल्या ‘फुल टिल्ट’कडे खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणं होतं आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी, असं तिथल्या सरकारने कोर्टात सांगितलं. अमेरिकी खेळाडूंना पैसे परत मिळायला २०१४ उजाडलं. त्याआधी २००७-०८ मध्ये दोन साइटवर आतल्याच लोकांना सगळ्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते, हे उघड झालं होतं. नावाजलेल्या साइटची ही कथा, तर टेलिग्रामवरच्या एजंटकडे दाद कुठे मागणार?

छंद म्हणून काय मिळतं, काय जातं?

मिळतं ते नाकारू नये. शक्यतेचं गणित पक्कं होतं. वाट बघायची सवय लागते, कारण चांगला खेळाडू बहुतांश डाव टाकूनच देतो. निर्णय बरोबर होता की नाही हे निकालावरून ठरवायचं नसतं, ही समज शेअर बाजारात आणि शेतीतही कामाची आहे.

जाते ती झोप, आणि मग ताबा. लागोपाठ हरल्यावर माणूस चिडून खेळू लागतो, त्याला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात. घरातल्या पत्त्यांच्या डावात खिसा रिकामा झाला की माणूस उठतो. मोबाईलवर रात्री दीड वाजताही यूपीआय चालू असतं. गेलेले परत आणायचे म्हणून पुन्हा भरायचे, घरी आकडा कमी सांगायचा, लोन अ‍ॅपवरून उचल घ्यायची, अशा पायऱ्या पडू लागल्या की तो छंद उरत नाही.

एक खेळ, कायदे अनेक

आपल्या भागात या खेळाचा कायदा गावाच्या वेशीवर बदलत होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, कौशल्याचा खेळ म्हणून पोकर खेळला जात असेल तर परवान्याची गरज नाही, असं म्हटलं. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तोच खेळ जुगार ठरवला. वडोदऱ्याच्या वाचकांना ते आठवत असेल. तेलंगणाने २०१७ मध्येच पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, त्यामुळे हैदराबादकरांसाठी हा विषय तेव्हाच संपला.

कर्नाटकाने ५ ऑक्टोबर २०२१ पासून बंदी आणली. अ‍ॅप मोबाईलचं लोकेशन पाहत असल्याने बेळगावात बंद आणि हद्द ओलांडून शिनोळीत सुरू, असा तो काळ होता. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतल्या संबंधित तरतुदी रद्द केल्या.

आता केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा २०२५. राष्ट्रपतींची मंजुरी २२ ऑगस्ट २०२५ ची. त्यातल्या मुख्य गोष्टी :

- कौशल्य की नशीब हा वादच बाजूला. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ बंद.
- असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तेच.
- जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही.
- पैसे न लावता खेळायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांना मोकळीक.

या कायद्याला आव्हान दिलं गेलं. कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

गोव्यातल्या परवानाधारक कॅसिनोंतला समोरासमोरचा पोकर हा वेगळा विषय, तो गोव्याच्या १९७६ च्या कायद्याखाली येतो. वयाची अट २१ वर्षं. खुद्द गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून तिथल्या खेळाच्या भागात बंदी आहे. चोर्ला घाट उतरून जाणाऱ्या बेळगावकरांना ती नाही, पण जाण्यायेण्याचा, राहण्याचा आणि प्रवेशाचा खर्चही पोकरच्याच खात्यात मांडायला हवा.

‘खेळणाऱ्याला शिक्षा नाही’ या वाक्यावर एजंट लोकांचा भर असतो. पण मित्रांना ग्रुपमध्ये जोडून कमिशन घेतलं, त्यांचे पैसे आपल्या खात्यातून फिरवले, की तुम्ही नुसते खेळणारे राहत नाही. शिवाय अनोळखी यूपीआयवरून आलेला पैसा कुठल्या फसवणुकीतला निघाला तर तुमचं बँक खातं गोठवलं जाऊ शकतं. पगार त्याच खात्यात येत असेल तर घरखर्चही अडकतो.

‘मी जिंकत होतो’ : तपासून पाहा

हे घरबसल्या अर्ध्या तासात होतं.

१. बँकेचं स्टेटमेंट पहिल्या दिवसापासून काढा. अ‍ॅपला आणि त्याच्या पेमेंट गेटवेला गेलेली सगळी रक्कम एका रकान्यात, परत आलेली दुसऱ्या रकान्यात लिहा.
२. वॉलेटमधली शिल्लक आणि बोनस जमेत धरू नका. बँकेत आलं तेवढंच आलं.
३. आयकर पोर्टलवर २६एएस आणि एआयएस उघडून टीडीएस पाहा. कमाई दिसत असेल तर रिटर्नमध्ये दाखवावी लागते आणि त्यासाठी आयटीआर-१ चालत नाही.
४. शेवटी उरलेल्या आकड्याला खेळलेल्या तासांनी भागा.

आकडा उणे आला तर तो छंदाचा खर्च झाला. ट्रेकिंगला, क्रिकेटच्या किटलाही खर्च होतोच. तो परवडणारा होता का, एवढाच प्रश्न. आकडा अधिक आला तरी डाव किती झाले ते पाहा. लाखाच्या आत असतील तर तो अधिक आकडा पत्त्यांचा असू शकतो, तुमचा नव्हे.

खेळाची गोडी असेल तर पैसे न लावता खेळता येतो, जुने डाव मांडून अभ्यास करता येतो. ताबा सुटल्यासारखं वाटत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. धारवाडचं डिमहान्स आपल्याला जवळ आहे, आणि बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मोबाईल-गेमच्या सवयीसाठी ‘शट’ हे वेगळं क्लिनिक चालतं. एजंटने किंवा बनावट अ‍ॅपने पैसे बुडवले असतील तर १९३० वर लगेच तक्रार करा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो.