रुमालाखालचा भाव

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या लासलगावच्या रस्त्यावर पणत्यांच्या पाट्या मांडल्या गेल्या, की घासाघिशीला रंग चढतो. गिऱ्हाईक बाई डझनाचा भाव विचारते, निम्म्याने मागते, पाठ फिरवून चार पावले चालते, आणि पाचव्या पावलाला मागून हाक येते, "या ताई, तुमचंच होऊ द्या!" हे सोंग आहे हे दोघींनाही ठाऊक असते. पण त्यात फसवणूक नसते, कारण जे काही चालते ते मोठ्याने आणि चारचौघांत.

आमच्या आजोबांनी लहानपणी पाहिलेली घासाघीस मात्र मुकी होती. वडिलांबरोबर कांद्याची गाडी घेऊन ते एका पेढीवर गेले. दलालाने खरेदीदाराचा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला. रुमालाखाली बोटे हलत होती, चेहरे मात्र दगडासारखे. थोड्या वेळाने रुमाल निघाला आणि दलाल म्हणाला, "झाला सौदा." पणजोबांनी भीत भीत विचारले, "काय भावानं, शेटजी?" उत्तर आले, "पट्टीवर कळेल की!" पट्टी आली, पणजोबांनी अंगठा उठवला. वाचता कुठे येत होते?

या करपल्लवीला बाजारात 'हत्ता' म्हणत. ती मुळात लबाडांची विद्या नव्हे. सतराव्या शतकात आपल्याकडे हिरे घ्यायला आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने तिचे बारकाईने वर्णन केले आहे. सबंध पंजा धरला की हजार, पाचही बोटे धरली की पाचशे, एक बोट धरले तर शंभर. बोट मधल्या पेरापर्यंत धरले तर पन्नास, आणि नुसते टोक धरले तर दहा. भरल्या सभेत सौदा होई, पण शेजारच्याला किंमत कळत नसे. त्या हिरेवाल्यांत दोघेही सारखेच जाणते होते. झाकायचे ते बघ्यांपासून. कांद्याच्या पेढीवर रुमाल तोच होता, पण त्याखालच्या दोन हातांत मालकाचा हात नव्हता. रीत एकच, रुमालाबाहेर कोण उभा आहे, त्यावर ती रीत की दगा हे ठरते.

हे दुखणे साऱ्या देशाचे होते. १९२६ साली नेमलेल्या शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात ते स्वच्छ मांडले: शेतकऱ्याविरुद्ध वजनकाट्यात फेरफार होतात, धर्मादायाच्या नावाने पैसे कापले जातात, नमुना म्हणून घेतलेल्या मालाचे दाम मिळत नाहीत, आणि सौदा कापडाखाली होतो. दलालही ओढ घेतो ती रोज भेटणाऱ्या खरेदीदाराची. वर्षातून कधीतरी येणाऱ्या कुणब्याची नव्हे.

यावर उपाय म्हणजे नियमबद्ध बाजार, आणि त्याचा आरंभ आपल्या वऱ्हाडातच झाला होता. कारंज्याचा कापूसबाजार १८८६ साली नियमाखाली आला, १८९७ साली वऱ्हाडापुरता कायदा झाला. मुंबई इलाख्याने शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला तो १९३९ साली. आणि १९४७ साली लासलगावची बाजार समिती उभी राहिली. रुमाल गेला, उघडा लिलाव आला. आज ट्रॅक्टरांच्या रांगेतून व्यापाऱ्यांचा घोळका फिरतो, ओंजळभर कांदा उचलून पाहतो, आणि क्विंटलचा भाव मोठ्याने चढत जातो.

हॉलंडमध्ये याच्या उलट तऱ्हा. तिथल्या ब्रुक ऑप लांगेडाइक गावी १८८७ साली भाजीपाल्याचा लिलाव सुरू झाला. माल होड्यांतून येई. भाव वरून सुरू होऊन खाली उतरत जाई, आणि जो पहिला 'घेतला' म्हणे त्याचा माल. आपल्याकडे शेवटी बोलणारा जिंकतो, तिकडे पहिला. पण भाव सर्वांच्या कानांवर पडतो, हे दोन्हीकडे सारखेच.

मग लबाडी संपली का? छे! ती पुढच्या टप्प्यावर जाऊन बसली. लिलावात पुकारलेला भाव खळ्यावर माल उतरताना कधीकधी घसरतो: "वर चांगला होता, खाली बारीक निघाला." याला आम्ही 'वांधा' म्हणतो. अर्धी गाडी रिकामी झालेली, दिवस कललेला, घरी दिवाळीचे कपडे घ्यायचे. माणूस मान डोलावतो. वांधा काढणाऱ्याने कांदा पाहण्याआधी त्याची घाई पाहिलेली असते.

आजोबा म्हणत, "भाव चालू असताना बैलांकडे बघू नये." बैलांकडे बघणाऱ्याला परतायची घाई आहे, हे समोरचा ओळखतो. शाळा न पाहिलेल्या माणसाची ही शिकवण. मला पुस्तकांत कुठे सापडली नाही.

मी शाळेत गणित शिकवतो. दरवर्षी मुलांना घरची पट्टी आणायला सांगतो: भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, भाव, हमाली, तोलाई. मागच्या साली सातवीतली एक मुलगी वही घेऊन आली. "गुरुजी, वजाबाकी जुळत नाही." मी पाहिले, भुईकाट्याच्या चिठ्ठीपेक्षा पट्टीवर वीस किलो कमी लिहिले होते. दुसऱ्या दिवशी तिचे वडील दोन्ही कागद घेऊन गेले. नजरचूक झाली असे त्यांना सांगण्यात आले, आणि वीस किलोचे पैसे मिळाले.

नजरचूक असेलही. मी तिला दहापैकी दहा गुण दिले, आणि पणजोबांचा अंगठा आठवला.