मानेतल्या नळीची कुळकथा

1943 साली हॉलंडमधल्या कांपेन गावात विलेम कोल्फने फिरत्या पिंपाचं कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. रक्त धुता येऊ लागलं, पण दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि त्या संपत जात. 1960 मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर आणि अभियंता वेन क्विंटन यांनी टेफ्लॉनच्या नळ्या हातातच ठेवून हा तिढा सोडवला.

लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलातल्या स्टॅन्ली शाल्डनची अडचण वेगळी होती. नळी घालायची म्हटली की सर्जनसाठी थांबणं आलं. स्वीडनच्या सेल्डिंगरने 1953 मध्येच युक्ती दाखवली होती: सुईतून तार सरकवायची, सुई काढायची, तारेवरून नळी आत न्यायची. 1961 मध्ये शाल्डनने तीच युक्ती जांघेतल्या रक्तवाहिन्यांवर वापरली. पुढे नळी गळ्याच्या हाडाखालच्या शिरेत गेली. ती शीर आकसू लागली, म्हणून मानेत आली. टेंकहॉफने 1968 मध्ये पोटाच्या डायलिसिसच्या नळीला डेक्रॉनचा पट्टा दिला होता. ऐंशीच्या दशकात तसाच पट्टा या रक्ताच्या नळीवर आला. कातडीखाली मांस त्यात रुजतं, नळी हलत नाही, जंतूंची वाटही अडते. आपल्याकडे तिला परमकॅथ म्हणतात.

1966 पासून फिस्टुला, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट, आहे, आणि तोच बरा. पण तो तयार व्हायला आठवडे लागतात आणि पेशंट बहुधा उशिरा येतो. मग मानेतली नळीच कामाला येते.

शाल्डनला सर्जनसाठी खोळंबायचं नव्हतं. त्याची सोय झाली, पण नळीची रोजची जोखीम डायलिसिसच्या सिस्टरकडे आली. तिचं हे काम कुळकथेत क्वचितच नोंदलं जातं. टोपण उघडण्याआधी सिस्टर आणि पेशंट दोघांनी मास्क लावायचा आणि नळीचं तोंड अँटिसेप्टिकने घासायचं. रक्त गोठू नये म्हणून मागच्या वेळी नळीत भरून ठेवलेलं हेपारिन आधी ओढून टाकायचं, नाहीतर ते अख्खं अंगात जाईल. नळीत किती मावतं हा आकडा तिच्यावरच छापलेला असतो, शेवटी तेवढंच भरायचं. सलाईनसाठी किंवा रक्त तपासणीसाठी कुणी नळी मागितली, तर सरळ नाही म्हणायचं. मशीन सुरू होताच पेशंटला हुडहुडी भरली, तर ब्लँकेट देऊन गप्प बसायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं. जंतू नळीतून रक्तात गेले असण्याची शंका तिथेच घ्यावी लागते.

वसई-विरारला या नळीचे आणखी तीन शत्रू आहेत, घाम, गर्दी आणि पाऊस. दमट हवेत चिकटपट्टी कडेने सुटते. लोकलच्या गर्दीत पिशवीचा बंद नळीला अडकू शकतो. बावखलात, म्हणजे गावच्या तळ्यात, डुंबणं तर नळी असेपर्यंत बंद, आंघोळ गळ्याखालीच आणि पट्टी कोरडी ठेवून. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या थांबल्या. आठवड्यातून तीनदा मशीन गाठायचं असलेल्यांसाठी अशा दिवसांत केंद्राला आदल्या दिवशीच फोन करून वेळ बदलून घेणं, पाणी आणि पोटॅशियमवाली फळं आवरणं, हेही सिस्टरनेच समजावून सांगायचं असतं. आणि पट्टी भिजलीच, तर ती घरी उघडायची नाही, पुढच्या पाळीची वाट न पाहता केंद्रात येऊन बदलून घ्यायची.