लिखित आणि भुक्ति : महाडच्या चवदार तळ्याचें प्रकरण

जुने कागद जपणारांच्या हातून एक चूक वारंवार घडते. दप्तरांत एखादा हुकूम सांपडला कीं तो अमलांतहि आला असला पाहिजे, असें आपण गृहीत धरतों. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. आणि जेथें भोग लेशमात्रहि नाहीं तेथें आगमासहि बळ नाहीं, असा स्मृतिकाराचा अभिप्राय आहे. या वचनाचें मर्म ज्यांत स्पष्ट दिसतें असें एक अर्वाचीन प्रकरण येथें मांडण्याचा आमचा विचार आहे.

मुंबई कायदे कौन्सिलांत रावबहादुर सी. के. बोले यांनीं आणलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत झाला. सरकारी खर्चानें बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षीं सप्टेंबरांत सरकारनें तदनुसार परिपत्रक काढलें. महाडच्या म्युनिसिपालिटीनें जानेवारी १९२४ मध्यें चवदार तळें अस्पृश्यांस खुलें केल्याचा ठराव केला. येथवर लिखित पूर्ण झालें. भुक्ति मात्र सुरू झाली नाहीं. स्पृश्यांच्या विरोधापुढें ठराव कागदावरच राहिला, आणि ज्यांच्या हातीं अधिकार होता त्यांनीं तो अमलांत आणण्यास कांहीं केलें नाहीं. ५ ऑगस्ट १९२६ रोजीं बोले यांस कौन्सिलांत पुन्हा ठराव आणावा लागला, यावरूनच पहिल्याची गत कळते.

२० मार्च १९२७ रोजीं महाड येथें भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे लोक डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, आणि मागाहून पंचगव्यादिकांनीं तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं म्युनिसिपालिटीनें आपला पूर्वीचा ठराव रद्द केला. डिसेंबरांत दुसरी परिषद भरण्याच्या ऐन तोंडावर दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला.

लोकमत परिपक्व होईपर्यंत थांबावें, असें म्हणणारे सज्जन तेव्हांहि होते व आजहि आहेत. त्यांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तीन वर्षें थांबल्यानें येथें लोकमत परिपक्व झालेलें दिसत नाहीं; विरोध मात्र इतका बळावला कीं हातीं असलेला ठरावहि गेला.

याहून मोठी हानि कोर्टांत दिसते. अस्पृश्यांनीं या तळ्याचें पाणी कधीं घेतलें नाहीं, अशी वहिवाट अनादि काळापासून आहे, असें वादीपक्षाचें म्हणणें होतें. म्हणजे ज्यांस पाण्यापासून दूर ठेविलें, त्यांचें दूर राहणें हाच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला! मधलीं तीन वर्षेंहि आपोआप त्याच पारड्यांत पडलीं. अधिकाऱ्यांच्या दिरंगाईचा दोष निरधिकाऱ्यांच्या माथीं आला तो असा. अखेर १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें तळें म्युनिसिपालिटीचें असून अनादि रूढि सिद्ध झालेली नाहीं, असा निर्णय दिला. पहिल्या ठरावापासून तोंवर तेरा वर्षें लोटलीं होतीं.

‘अनादि’ हा शब्द कोणीं उच्चारतांच आरंभ शोधणें हें संशोधकाचें काम होय. पुष्कळ रूढि अनादि नसतात. त्या मोडण्याची वेळ आली असतां लोक थांबले, म्हणून त्या तशा भासूं लागतात.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं १९२३ नंतरचीं म्युनिसिपालिट्यांचीं वा लोकल बोर्डांचीं दप्तरें असतील, त्यांस विनंति आहे कीं अशा ठरावाची नोंद करितांना त्यापुढें आणखी दोन रकाने आखावेत : अंमल केव्हां झाला, आणि प्रथम पाणी कोणीं भरलें. जेथें हे रकाने रिकामे राहतील, तेथें तो रिकामेपणाहि इतिहास म्हणूनच नोंदला जावा.