सिनेमाच्या फलकावरची रेष

परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरला की आमच्या वर्गाचे लक्ष आकाशपाळण्याकडे लागते. एरवी मोबाईल आहेच. चित्रकलेच्या वहीत मुले नट-नट्यांचे चेहरे काढतात. पूर्वी आम्ही ती पाने फाडायला लावत असू. मकबूल फिदा हुसेन यांचे चरित्र वाचले आणि आमचा हात थांबला.

हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. आई लहानपणीच गेली. बडोद्याच्या मदरशात त्यांनी खुशखती गिरवली, जशी आपली मुले तख्तीवर अलिफ गिरवत. पुढे मुंबईत पोटासाठी त्यांनी सिनेमाचे फलक रंगवले. फलक रस्त्याने जाणाऱ्याला क्षणात कळावा लागतो. तिथे रेष ठाम आणि रंग धीट हवा. तोच ठामपणा पुढे त्यांच्या घोड्यांत आला. १९४७ मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले. सूझा, रझा, आरा हे त्यांचे तिथले सोबती. १९६७ मध्ये त्यांच्या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'नंतर त्यांनी माधुरी दीक्षितची चित्रे काढली आणि २००० मध्ये तिला घेऊन 'गजगामिनी' केला. ज्यांनी कधी चित्रप्रदर्शन पाहिले नव्हते, त्यांनाही हुसेन हे नाव ठाऊक झाले.

पण नाव ठाऊक होणे आणि चित्र पाहता येणे यांत अंतर आहे. १९९६ पासून त्यांच्या देवी-देवतांच्या चित्रांवरून वाद पेटला. २००४ मध्ये 'मीनाक्षी'तल्या एका कव्वालीवर आपल्यातल्याच काही संघटनांनी हरकत घेतली आणि त्यांनी चित्रपट मागे घेतला. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. २०११ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती चित्रे नीट पाहिली होती? हुसेन यांनी लोकांना चित्रापर्यंत आणले. पाहायला शिकवणे हे शाळेचे काम होते, आणि तिथे आपण कमी पडलो, असे आम्हाला वाटते.

म्हणून आता आम्ही पान फाडत नाही. नटाचा चेहरा बोरूने, हात न उचलता काढायला सांगतो. मग त्याच बोरूने एक 'नून' लिहायला लावतो. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला सहल नेली, तेव्हा मुलांनी यादवकालीन कोरीव खांब वहीत उतरवले. परतताना मोबाईल सुरूच होते. पण एका मुलाने खांबावरच्या वेलीचा फोटो काढला होता, आणि तो शेजाऱ्याला ती वेल कुठून वळते ते दाखवत होता.